हिराच्या डोळ्यांपुढचे काजवे

शनिवार पेठेत फेट्यांचं एक दुकान आहे. तिथे फेटे भाड्याने मिळतात, शिवून तयार मिळतात, आणि तयार फेट्याला जे नाक मुरडतात त्यांच्यासाठी बांधणारं माणूसही घरपोच मिळतं. ते माणूस म्हणजे हिरा रामटेके. माहेर भंडाऱ्याकडचं, राहायला विश्रांतवाडी, नवरा योगेश मार्केट यार्डात टेम्पोवर. लग्नघरी हिरा पहिल्यांदा पोचली की लोक तिच्या मागे डोकावून बघत, बांधणारा कुठंय म्हणून. एका लग्नात नवरीचे मामा तर तोंडावरच म्हणाले, बाईच्या हातचा फेटा टिकणार किती? हिराने मुकाट बांधून दिला. वरातीत मामा नाचता नाचता आडवे झाले. चष्मा एकीकडे, चप्पल एकीकडे, मामा तिसरीकडे. फेटा जागचा हलला नाही. तेव्हापासून त्या घरातलं कार्य हिराशिवाय होत नाही, आणि मामा सगळ्यांत आधी डोकं पुढे करून बसतात.

तर अशी ही हिरा. उजव्या हाताची चार बोटं चुण्या घालतात आणि अंगठा त्या दाबून धरतो, एवढंच काय ते भांडवल. दुकानाचे मालक रंगनाथराव अस्सल पेठेतले. कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. "बरा झालाय" म्हणाले की समजावं, उत्तम झालाय.

हिराला दोन मुलं, थोरली मैत्री आणि तिच्या पाठचा रोहन. रोहनच्या वेळी तिला फार जड गेलं होतं. महिनोन् महिने अंथरुणाला खिळून होती, आधीची नोकरी गेली, आणि बाळंतपणात जीव वाचला एवढंच. तेव्हा तिसरं नको, हे नवराबायकोत न बोलताच ठरलं होतं. पण नको म्हणून भागत नाही, त्याची तजवीज करावी लागते. ती शेजारच्या मंदाकिनीने करून दिली.

मंदाकिनी म्हणजे पस्तिशीची, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात कामाला. जीव लावणारी बाई. ती स्वतः कितीतरी वर्षं गर्भनिरोधक गोळी घेत होती आणि तिला काही त्रास नव्हता. आपल्याला लागू पडलेलं लोणच्याचं प्रमाण जसं माणूस शेजारणीला हौसेने सांगतं, तशी तिने ही गोळी हिराला सांगितली. औषधाच्या दुकानातून पाकीट स्वतः आणून दिलं. आणि सांगितलं तेही चुकीचं नाही बरं का. रोज एक, ठरल्या वेळी. मोबाईलला गजर लाव. नवरा घरी असो की गाडी घेऊन नाशिकला गेलेला असो, खंड पाडायचा नाही. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घे, मग एका दिवसात दोन झाल्या तरी बिघडत नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या पुढे चालू ठेव, पण आठवडाभर योगेशला निरोध वापरायला लाव. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर ती धरायची नाही, दुसरी घ्यायची. पाकिटातल्या शेवटच्या वेगळ्या रंगाच्या गोळ्या नुसत्या लोहाच्या, पण त्याही घे, म्हणजे सवय मोडत नाही.

सगळं बरोबर होतं. फक्त गोळी सुरू करण्याआधी बाईला काय विचारायचं असतं, ते मंदाकिनीलाही कधी कुणी विचारलं नव्हतं. मग ती हिराला काय विचारणार?

हिराला लहानपणापासून अर्धशिशी. वर्षातून दोनतीनदा यायची आणि जायची. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती दर पंधरवड्याला येऊ लागली. आधी डोळ्यांपुढे काहीतरी लकाकायचं, मग डोक्याची एक बाजू ठणकायची, मग उलटी. हिरा सगळ्यांना सांगायची, अगदी नेमक्या शब्दांत सांगायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

आता बघा, इथेच घोळ झाला. मराठी माणसाला हे वाक्य पाठ. हिशेबनिसाने हिशेब दाखवला की चमकतात, मास्तरांनी कानाखाली वाजवली की चमकतात. तेव्हा हिरा म्हणाली की ऐकणाऱ्याला वाटे, फार दुखतंय बिचारीचं. योगेश म्हणाला, बाम लाव. रंगनाथराव म्हणाले, "हिराबाई, आपण लोकांच्या डोक्याचं बघायचं, स्वतःचं धरून बसलात तर दुकान कुणी चालवायचं?" कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर वयाने मोठे, हाताला गुण असलेले. तिथेही हिराने तेच सांगितलं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "माझा मुलगा गाडी चालवायला घेतो ना, तेव्हा माझ्याही चमकतात." हिरा हसली. मोठ्या माणसाने विनोद केला तर हसावं लागतं. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलंही. हिरा म्हणाली, नाही. ती खोटं बोलली नाही. औषध आजारी माणूस घेतं, आणि ती गोळी तर ती धडधाकट राहायला घेत होती. वेदनाशामक घेऊन ती घरी आली.

मग ते लग्न आलं. कार्यालय माणसांनी भरलेलं, नवरदेव खुर्चीवर बसलेला, अंगावर जरीचा अंगरखा. हिराने कापड हातात घेतलं, पहिला फेर दिला, दुसरा दिला, आणि डावीकडे कोपऱ्यात एक ठिपका लकाकला. तो पसरत गेला. नवरदेवाचा अर्धा चेहरा त्यात बुडाला. हिराने नेटाने तिसरा फेर घेतला, तर उजव्या हाताची बोटं कापसासारखी लागायला लागली. करंगळीपासून मुंग्या वर चढल्या, कोपरापर्यंत गेल्या, मग ओठाच्या कडेला आल्या. शेमला, म्हणजे फेट्याचं मोकळं टोक, जरा धरा, एवढंच तिला नवरदेवाला सांगायचं होतं. तोंडातून भलताच शब्द आला. पुन्हा बोलली, पुन्हा भलताच. नवरदेवाचे मित्र हसले. मग हिराच्या हातून कापड सुटलं आणि घडी उलगडत खाली जमिनीवर गेलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

सामान पोचवायला आलेले रंगनाथराव दारात उभे होते. त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही. त्यांनी हिराला खुर्चीवर बसवलं, फेटा स्वतः पुरा केला, कसाबसा, हिराच्याच मोबाईलवरून मंदाकिनीला बोलावून घेतलं आणि दोघींना रिक्षात बसवून दिलं. अर्ध्या तासाने हिराचा हात परत आला, शब्दही आले. पण रिक्षात ती सारखी बोटं मिटून उघडून बघत होती. डोकं ठणकत होतं त्याचं तिला काही नव्हतं. हा हात गेला तर काय, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

मंदाकिनीने तिला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथे नुकतीच रुजू झालेली डॉक्टर अक्षता नावाची मुलगी बसली होती. घरचे मराठी, पण वाढली दुबईत, तेव्हा मराठी बेताचंच. हिराने जीभ जपून जपून सांगितलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काजवे?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "म्हणजे ते उडणारे किडे? लाइटवाले?"

मंदाकिनी समजावू लागली, अहो, तशी बोलायची पद्धत आहे.

"नाही, वेट. यांना विचारू दे. तुम्हाला खरंच दिसतात? ॲक्च्युअली?"

हिरा तिच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "खरंच दिसून राहतात हो. आधी एक ठिपका, मग त्याची कमान होते. करवतीला दाते असतात तशी. ती लकलकत मोठी होते, आणि तिच्या आतलं काही दिसत नाही." आणि तिने बोटाने हवेत ती कमान काढून दाखवली.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. कुठली गोळी घेता का, असं न विचारता तिने विचारलं, मूल होऊ नये म्हणून काय करता? तेव्हा ते पाकीट मंदाकिनीच्याच पिशवीतून बाहेर आलं. स्वतःच्या पाकिटाबरोबर तिने हिराचंही आणून ठेवलं होतं.

पुढचं डॉक्टरीणबाईने अडखळत, अर्धं इंग्रजीत सांगितलं, पण जे सांगितलं ते असं. बाईच्या अंगात दर महिन्याला एक अंडं पिकून सुटतं. या गोळीत दोन संप्रेरकं असतात. ती रोज पोटात गेली की शरीर अंडं सोडायचं थांबवतं. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, म्हणजे पुरुषबीजाला आत शिरायला वाट राहत नाही, आणि आतलं अस्तरही पातळ राहतं. नेमाने घेतली तर गोळी फार भरवशाची. मूल हवंसं वाटलं की बंद करावी, बाईपण काही आटत नाही. पण त्या दोनांतलं एक संप्रेरक रक्ताची गाठ धरायची ओढ थोडी वाढवतं. बहुतेक बायकांत ती इतकी थोडी असते की काही होत नाही. मात्र जिला अर्धशिशीआधी असे काजवे दिसतात, तिच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना मुळातच धोका जरा जास्त असतो. त्यात ही गोळी पडली की तो आणखी वाढतो. मग एखाद्या दिवशी हात जातो तो अर्ध्या तासाने परत येत नाही.

हिराने उजवा हात डाव्या हातात धरला होता.

"म्हणून आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणि आज बंद केली की आजपासूनच दुसरं काहीतरी हवं. घरी जाऊन मिस्टरांना सांगा, तोपर्यंत निरोध. यात उद्या नाही."

मंदाकिनीचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "माझ्या हातानं दिलं गं तुला." मग डॉक्टरीणबाईकडे वळून घाबरत विचारलं, आपणही टाकून द्यावी का? तिचा रक्तदाब घेतला, तो ठीक निघाला. डोकेदुखी नाही, कावीळ झालेली नाही, पायात कधी गाठ झालेली नाही, फिटची किंवा टीबीची औषधं नाहीत. सिगारेट विचारली तेव्हा मंदाकिनीला हसू आलं. तंबाखू विचारली तेव्हा मात्र ते मावळलं. सकाळी जरा मिश्री लावते, ती पुटपुटली.

"ती मिश्री सोडा. गोळी सध्या चालेल. पण वर्षातून एकदा प्रेशर दाखवायला या. आणि पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, किंवा कधी नव्हे ते डोकं फुटायला लागलं, तर गोळी थांबवून लगेच यायचं."

हिराला मोठ्या रुग्णालयात तपासणीला पाठवलं. डोक्याची फिल्म काढली. ती नीट निघाली, मेंदूला इजा झालेली नव्हती. अहवाल हातात घेऊन योगेश जिन्यात बसून राहिला. टेम्पोवाल्याचं काळीज, आठवड्याला दोन अपघात बघणारं, पण उठायला त्याला वेळ लागला.

मग पुढचं ठरवायचं होतं. डॉक्टरीणबाईने एकच संप्रेरक असलेल्या गोळीबद्दल सांगितलं, आठवड्याच्या गोळीबद्दल सांगितलं, पुरुषाची शस्त्रक्रिया किती साधी असते तेही सांगितलं. योगेश खाली बघत राहिला, पण नाही म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला. हिराला थांबायचं नव्हतं. तिने तांबी, म्हणजे गर्भाशयात ठेवायची कॉपर-टी, बसवून घ्यायचं ठरवलं, कारण तिच्यात संप्रेरक नाही. चाळीतल्या बायकांनी तिला भरपूर घाबरवलं. तांबी वर चढून काळजापर्यंत जाते म्हणे. हिराने डॉक्टरीणबाईला ते तसंच विचारलं. ती म्हणाली, काळजाकडे जायला तिला रस्ताच नाही. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाईल, पोट दुखेल, आणि तांबीचा दोरा हाताला लागेनासा झाला तर दाखवायला यायचं. बसवून झाली तेव्हा योगेश बाहेर बाकावर दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसलेला होता. घरी येताना त्याने टेम्पो इतका सावकाश चालवला की मागचे हॉर्न वाजवून थकले.

अर्धशिशी काही गेली नाही. तसं कुणी सांगितलंही नव्हतं. पण ती पूर्वीसारखी क्वचित यायला लागली. एका रविवारी दुपारी भांडी घासता घासता हिरा थांबली आणि भिंतीला धरून खाली बसली. योगेशने उठून खिडकीवर सतरंजी टाकली, दिवा घालवला, मुलांना मंदाकिनीकडे पिटाळलं आणि तिच्याजवळ येऊन बसला.

"काजवे कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"हात?"

"हात ठीक आहे."

त्याने तरी तो हातात घेतला. डॉक्टरीणबाईने त्याला बजावलं होतं, हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द परत आले नाहीत, तर वाट बघायची नाही, थेट मोठं रुग्णालय. तो तिची बोटं एकेक करून दाबत राहिला आणि ती प्रत्येकाला हूं म्हणत राहिली. बाहेर कुणाची तरी बादली वाजत होती. बराच वेळ गेला.

"गेले," हिरा म्हणाली.

योगेशने मान डोलावली, पण हात काही सोडला नाही.