दुकानातल्या धानावरची पीएचडी

पीएचडी मिळाली त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. लोक विचारायचे, "कसं वाटतं?" मी म्हणायचो, "भूक लागली." पुढे एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी लागली, तेव्हाही तेच. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि आपलाच ओठ शेजाऱ्याचा वाटायला लागतो, तसं काहीसं.

माझा विषय धानातला ओलावा. मूठभर दाणे यंत्रात टाकायचे, यंत्र टक्के सांगतं. मी गोंदियाजवळच्या कामठ्याकडचा, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेला. पण प्रयोगाला धान घेतलं ते संस्थेजवळच्या दुकानातलं, खडखडीत वाळलेलं. त्यात मोजून पाणी घालायचं, पिशवी बंद करून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची, झालं ओलं धान! कापणीला घरी गेलो असतो तर खरं ओलं धान पोतंभर फुकट मिळालं असतं. पण घरी गेलं की भारे वाहावे लागतात. विज्ञानासाठी एवढा त्याग मला जमला नाही.

कंपनीने माझ्याच आकड्यांवर यंत्र बांधलं आणि चाचणीला मलाच गोंदियाच्या एका राईस मिलवर धाडलं. माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. चाचणीचा अहवाल बघून मला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते ठरणार होतं.

मिलच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने नुकत्याच आलेल्या धानातला एक दाणा दाढेखाली धरला.

"ओला हाय जी. दोन दिवस वाळू द्या."

यंत्र म्हणालं, तेरा टक्के. म्हणजे भरडायला लायक.

"तुमची मशीन का सांगून राहिली?"

"वाळलंय."

"मंग तिले दात नसतीन."

हमाल हसले. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी ओलाव्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मिलचे मालक शेटजी कंटाळून म्हणाले, "डॉक्टर साहब बोल रहे हैं ना, चलाओ."

चलाओ म्हटल्यावर चाललं. अर्ध्या तासात तांदळाची कणी झाली आणि कोंड्याचा लगदा जाळीत अडकून मिल बंद पडली. मिस्त्रीने एक पत्रा घेतला आणि जाळी खरवडायला दुसरा माझ्या हातात दिला.

खरवडता खरवडता कळलं. वरून पाणी पाजलेला दाणा आणि शेतातून ओला आलेला दाणा यंत्राला सारखे लागत नाहीत. माझा अख्खा प्रबंध पहिल्यावर उभा होता.

अहवालात 'मिलमधली धूळ' असं लिहिता आलं असतं. प्रबंधात अशा गोष्टी मी 'पुढील अभ्यासाची दिशा' या मथळ्याखाली गाडत असे. या वेळी लिहिलं: यंत्र चुकतं, कारण मूळ आकडे चुकीचे आहेत, आणि ते आकडे माझे आहेत. धैर्य वगैरे काही नव्हतं. नोकरी गेली तर जाईल, इतकंच वाटत होतं. तेही नीटसं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलवरच होतो, तेव्हा कंपनीतल्या साहेबांचा फोन आला.

"अहवाल वाचला. शेतातलं ताजं धान किती गावांतून मिळेल?"

"आठ-दहा."

"मग घेऊन ये. आकडे पहिल्यापासून काढू. कायमपदाचं पत्र सोमवारी निघेल."

आनंद कुठे होतो, छातीत की पोटात, ते मी जरा चाचपून बघितलं. मग मिस्त्रीला विचारलं, "काका, ओलं धान आता कोणाकडे मिळेल?"

"काऊन? नोकरी गेली का?"

"नाही. राहिली."

"मंग तोंड असं कायले करून राहिला?" म्हणत त्याने गावं सांगायला सुरुवात केली, आणि मी लिहून घ्यायला.