आठ शेतांतलं जेवण

“आधी चपला कुठं काढायच्या ते सांगा.”

सहलीचा कसलाही कार्यक्रम आखून मामांसमोर ठेवला की पहिला प्रश्न हाच. किती किलोमीटर, कुठं मुक्काम, काय बघायचं, हे सगळं मागून. मी पहिल्यांदा हसले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हसा बाई, हसा. चाळीस माणसांच्या चपला काढायला चार मिनिटं लागतात आन् हुडकून घालायला वीस. तुम्ही गुरुद्वाऱ्याला एक तास लिहिलाय. त्यातला अर्धा नुसता पायात गेला.”

मामा उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा. सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर नांदेडला आमच्या लहानशा यात्रा कंपनीत तेच काम करायला येऊन बसले. मी माहूरची. नऊ वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा गाईड म्हणून इथं लागले. आधीची मास्तरीण, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणायचे. मामा मात्र ते सगळ्या ऑफिसचेच होते.

तुम्ही कधी टूरवर गेला असाल तर ती पळापळ तुम्हाला ठाऊक असेल. लेणी बघा, चला. किल्ला बघा, चला चला. मामांच्या सहलीत कुणी पळत नसे. पायऱ्या असल्या की ते म्हणत, “गुडघ्याला विचारा किती वेळ लागतो ते.” आणि रोजच्या कार्यक्रमात एक तास कोरा ठेवत. मालक त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारायचे, “इथं काय आहे, मामा?”

“हितं माणसं हायेत,” मामा म्हणायचे.

त्या तासात कुणी डुलकी काढायचं, कुणी सुनेला फोन करायचं, कुणी लोहा गावच्या बाजारात उगीच मिरच्यांचे भाव विचारत फिरायचं. परत गेल्यावर लोकांना तोच तास आठवायचा. किल्ल्याचं नाव विसरलेले असायचे.

पण मी सांगते, माणूस चांगला असला म्हणून काम सोपं होत नाही. मी तोंडाची फटकळ. एकदा मी कंधारचा किल्ला दुपारी बारा वाजता टाकला, तर मामांनी सगळ्यांसमोर कागद माझ्याकडे सरकवला. “बाई, किल्ल्याला ऊन लागत न्हाई, माणसाला लागतंय.” सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “मामा, प्रत्येक कागदात तुमची लाल रेघ! एक दौरा तरी माझा मला करू द्या. हात घालू नका त्यात.”

ते रागावले नाहीत. “हाव,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मालकांनीही मग पुढचा दौरा पूर्ण माझ्यावर सोपवला. नाशिकचे चाळीस ज्येष्ठ नागरिक, पाच दिवस, नांदेड आणि लातूर. वर स्पष्ट सांगितलं, “नीट झाला तर तुम्ही कायम. तक्रार आली तर मग आपण दुसरं बघू.” ‘दुसरं’ म्हणजे काय ते मला समजत होतं. माहूरला परत जाऊन त्याच शाळेच्या दारात उभं राहायचं. मी इरेला पेटले. रेल्वेची तिकिटं निघाली, हॉटेलं ठरली, कार्यक्रमपत्रिका छापून आल्या. मामांनी त्यातली एक घेतली, बराच वेळ वाचली, घडी घालून खिशात ठेवली. चपलांचासुद्धा प्रश्न विचारला नाही. मला मेलीला वाटलं, जिंकले.

मामा देखरेखीला म्हणून बरोबर आले आणि गाडीत शेवटच्या बाकावर बसून राहिले. नांदेड छान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लातूरला निघालो. आधी औशाचा किल्ला, मग शहरात परत येऊन जेवण, दुपारी खरोशाची लेणी. औशाला किल्ल्यात कुत्रं नव्हतं. बाजारपेठ बंद, चहाची टपरी बंद. रस्त्यानं मात्र माणसंच माणसं, ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, आणि सगळे गावाबाहेर निघालेले. मी खानावळवाल्याला फोन लावला. तो शेतातून बोलत होता.

“आज जेवण? अवो ताई, आज येळवस हाय की! तुमी तारीख सांगितली, आमास्या हाय असं कुठं सांगितलं? सगळं लातूर रानात हाय. तुमीबी या.”

लातूरकडच्या वाचकांनी आता हसून घ्यावं. वेळ अमावास्या! त्या दिवशी अख्खा जिल्हा घराला कुलपं लावून शेतात जेवायला जातो. आमच्या माहूरकडं ही पद्धत नाही, आणि मी कॅलेंडरात तारखेचा चौकोन बघितला, खालची तिथी बघितलीच नाही. गाडीत चाळीस माणसं, त्यातली अर्धी मधुमेहाची, आणि घड्याळात साडेअकरा. नाशिकचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते, ते पहिल्या दिवसापासून कार्यक्रमपत्रिकेवर पेनानं खुणा करत होते. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मॅडम, एक वाजता भोजन लिहिलंय. कुठे?”

मी मागच्या बाकावर गेले. “मामा, माझी नोकरी गेली.”

“कशापायी?” मामा म्हणाले. “जेवायचंच हाय ना? आजच्या दिवशी रानात गेलेल्या माणसाला कुणी उपाशी लावून देत न्हाई. निलंग्याच्या रस्त्याला घ्या गाडी.”

“चाळीस माणसं, मामा! कुणाच्या ओळखीनं?”

“चाळीस कशाला? पाच पाच करा. आठ शेतं.”

ते ड्रायव्हरजवळ येऊन उभे राहिले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, “हितं थांबवा. उतरा बाई, विचारा त्यांना, पाच माणसं जेवतील का म्हणून.”

“मी?”

“दौरा तुमचा हाय.”

लाजेनं मेल्यासारखी मी बांधावरून गेले. ज्वारी कमरेच्या वर आलेली, मधे कडब्याची खोप, तिच्यात पूजा मांडलेली. मी तोंड उघडलं, अडखळले, आणि त्या घरातली बाई माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाली, “या की! पाचच का?” पुढच्या शेतात तसंच. तिसऱ्या शेतातही तसंच. चौथ्यापासून माझी भीड चेपली, मी हसत विचारायला लागले. मामा फक्त “हितं थांबवा” म्हणत होते. आठव्या शेतात शेवटची पाच माणसं उतरली तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती.

त्या जेवणाचं काय सांगू! पावटे, वाटाणे, तुरीचे दाणे आणि रानातल्या सगळ्या भाज्या घालून केलेली बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगांच्या पोळ्या, मातीच्या मडक्यातलं ताकाचं आंबील. नाशिकच्या बायका तिथल्या बायकांबरोबर पंगतीला वाढत होत्या. बँक मॅनेजर चार पेले आंबील पिऊन खोपीच्या सावलीत घोरत होते. खरोसा बघायचा राहिला. कुणी विचारलंही नाही.

जाताना बँक मॅनेजरांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, “तिसऱ्या दिवसाचे शेतातले भोजन कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नाही. पुढील वेळी ही चूक दुरुस्त करावी.” मालकांनी ते दोनदा वाचलं आणि मला कायम केलं. तेव्हापासून आमची येळवशीची सहल दर वर्षी निघते, त्याच रस्त्यानं, त्याच आठ शेतांत.

आणि मी काय केलं? जो भेटेल त्याला गोष्ट सांगत सुटले. कशी मी हिमतीनं आठ अनोळखी शेतांत शिरले, कशी चाळीस माणसं जेवू घातली. मामा ऐकायचे आणि मान हलवायचे. “बाईनं कमाल केली,” म्हणायचे. इतकी वर्षं.

गेल्या श्रावणात मामा गेले. झोपेतच, उदगीरला. यंदाच्या येळवशीला आठही शेतांत मला एकच गोष्ट विचारली, मामा आले न्हाईत का? आठ वेळा सांगावं लागलं. पहिल्याच शेतातली ती बाई, पारूबाई, ऐकून हातातली पळी ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “आता ते न्हाईत, तर सांगते. त्यांनी शपथ घातली होती.”

“कसली?”

“तुमी पैल्यांदा आलता ना, त्याच्या आठ दिस आधी ते आलते हितं. आमची काई वळख न्हाई, पाळख न्हाई. म्हणले, आमच्या बाईची पैलीच सहल हाय, नेमकी येळवशीला पडलीय. रेल्वेची तिकिटं निघाली, आता तारीख हालत न्हाई. मालकाला कळलं तर दौरा तिच्या हातातून जाईल. पाच माणसांचं ज्यादा करा. ती विचारायला येईल, तवा हाव म्हणा. आन् मी आलतो हे तिला कळू देऊ नका.”

माझ्या हातातला आंबिलाचा पेला तसाच राहिला. मला आठवली ती माझी इतक्या वर्षांची फुशारकी, आणि मान हलवणारे मामा. मी त्या माणसाचे एकदाही आभार मानले नव्हते. मी बांधावर बसून सगळ्यांसमोर रडले, आणि रडताना मला कसलीही लाज वाटली नाही.

मग विचारलं, “जेवले होते का ते, त्या दिवशी?”

“कुठलं!” पारूबाई म्हणाली. “बसा म्हणलं तर बसले न्हाईत. तांब्याभर पाणी पिले. म्हणले, अजून सात शेतं राहिलीत. आन् असे बांधाबांधानं, उन्हातनं पायी गेले.”