पारूकाकूचं न नांगरलेलं रान

पारूकाकूवर अन्याय झाला तो गेल्या आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या सकाळी, रेणापूरजवळच्या आमच्या गावात. करणारे तिचे वैरी नव्हते, म्हणून कुणी त्याला अन्याय म्हणत नाही. मी म्हणतो.

काकू आमची बांधशेजारीण, एकटी बाई. कितीतरी वर्षं तिनं रानात नांगर घातला नव्हता. तूर जमिनीलगत कापायची, मुळं आतच कुजू द्यायची, पाऊस पडला की भोकं पाडून सोयाबीन टोकायचं. बांधावरून हाक यायची, "पारू, नांगर इकून खाल्लास का काय?"

"न्हाई बाबा. गांडुळं लावलीत कामाला. तुझ्यावानी चहा मागत न्हाईत!"

पालापाचोळा सारून ती मूठभर माती माझ्या नाकाशी धरायची. भर उन्हाळ्यात गार. "झोपलेल्या लेकराची गादी कुणी उलटी करतंय का रे?"

आमच्याकडं आखितीआधी नांगरट झाली नाही की त्या घरात कर्ता माणूस नाही, असं धरतात. आखिती चार दिवसांवर आली असताना काकूच्या छातीत कळ आली. पुतण्या दत्तानं तिला स्वतःच्या जीपमधून लातूरच्या दवाखान्यात नेलं. मी तिच्या उशाशी थांबलो, तो गावी परतला आणि गावानं तिच्यासाठी इर्जिक घातली. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं रान फुकट नांगरून द्यायचं. आखितीच्या आदल्या सकाळी ट्रॅक्टर फिरले. तिला विचारलं कुणीच नाही.

त्याच दिवशी तिला घरी सोडलं. रान ढेकळांनी भरलेलं. बगळे गांडुळं वेचत होते. दत्ता अभिमानानं म्हणाला, "काकू, आता पडीक म्हणायची कुणाची टाप न्हाई."

काकूनं एक ढेकूळ हातानं फोडून पाहिलं. इर्जिकीला जेवण घालायची रीत. "चूल पेटवा," एवढंच म्हणाली. दत्ताच्या ताटात स्वतः पिठलं वाढलं. मी तोंड उघडलं, तर मला दटावलं, "गप. माया करायलेत ती."

पावसाळ्यात नांगरून सुटी झालेली तिची माती ओघळून आमच्या बांधाशी आली. बाजेवरून ती विचारायची, "आजबी गेली का रं?" मी खोटं बोलायचो. दिवाळीनंतर काकू गेली.

मायेनं केलं म्हणून नासाडी माफ होत नाही. कुणाच्या रानात ट्रॅक्टर घालण्याआधी त्या बाईला विचारा. ती नको म्हणाली, तर बांधावरूनच परत फिरा.