झऱ्याचं लोकेशन

अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी बायकोला, स्मिताला, मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. आता माझाच वाचा.

आम्ही पंचवटीत राहतो. जुन्या व्हॅनची मागची सीट काढून तिथे गादी टाकली आहे. सुट्टी लागली की स्टोव्ह, तांदूळ घ्यायचे आणि निघायचं. नियम एकच — जिथे गर्दी, तिथे आपण नाही. एक तर लॉज परवडत नाही, आणि पंचवटीतल्या माणसाने गर्दी बघायला बाहेर कशाला जायचं?

गेल्या ऑक्टोबरात सुरगाण्याच्या पुढे रस्ता चुकलो आणि एका पाड्यामागे झरा सापडला. आसपास चिटपाखरू नाही. दोन दिवस राहिलो. पाड्यावरच्या मोतीरामकाकांनी नागलीच्या भाकरी आणून दिल्या, पैसे घेतले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "कोनाला सांगू नका, दादा. गाड्या आल्या का पानी खराब व्हतं. आमी हेच पितो."

मी शब्द दिला... आणि चार दिवसांत मोडला. स्वस्तात फिरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एक जण कुठल्याशा धबधब्याचे फोटो टाकून भाव खात होता. मला राहवलं नाही, झऱ्याचं लोकेशन टाकून मोकळा झालो. "अहो, काकांना काय सांगून आलात?" स्मिता म्हणाली. लाज वाटून डिलीट केलं, पण तोवर ते पुढे गेलं होतं.

रविवारी सकाळी दहाला टपावर तंबू बांधलेली एक जीप आमच्या गल्लीत शिरली आणि भाजीच्या हातगाड्यांत अडकली. उतरलेल्या माणसाने मलाच विचारलं, "झरा कुठंय?" त्याच्या मोबाइलवरचा ठिपका बरोबर आमच्या दारावर होता. तीच लिंक त्याच्याकडून माझ्या फोनवर घेतली — डोंगरातली जागा दिसली.

पुढे दर रविवारी कोणी ना कोणी यायचं. धुळ्याहून, ठाण्याहून. एकाने तर अक्षांश-रेखांश कागदावर लिहून आणले होते. मी स्वतः तपासले, झऱ्याचेच होते. "रस्ता इकडेच आला," एवढंच तो म्हणाला. येणारा प्रत्येक जण तहानलेला असायचा. स्मिता पाणी द्यायची, माझ्याकडे न बघता.

डिसेंबरात मात्र मन इतकं खायला लागलं, की काकांची माफी मागायला एकटाच गेलो. रस्ता सरळ लागला. झरा होता तसाच, तळातले खडे दिसत होते.

"कोणी आलं होतं का, काका?"

"येक बी नाय. तुमी शब्द राखला, दादा. शहरातलं मानूस असं नाय करत."

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. कॉम्प्युटरमधल्या मित्रांनी डोकं खाजवून सोडून दिलं. पण मला झोप लागत नाही ती त्यापायी नाही. खरं सांगायचं म्हणूनच मी एवढ्या लांब गेलो होतो. काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले... आणि मी म्हणालो, "दिला होता ना शब्द."