अण्णाचे पावणेअठ्ठावीस मोल

अण्णा गेला तेव्हा मी इस्पितळाच्या खाली कॉफी पीत होते. नर्स जिना उतरून आली, “अम्मा, वर चला” एवढंच म्हणाली. महिना झाला... माझा थोरला भाऊ. तंजावरात जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं त्याने, आणि एकदा मलाही.

गल्लीत पहिला एसटीडी बूथ उघडला त्या सुमारास मला, दोन मुलांच्या आईला, अर्धवट राहिलेली बारावी पुरी करायची खुमखुमी आली. अक्कल बेताची, तोरा कलेक्टरणीचा! पाण्याच्या रेणूंच्या संख्येवरून मोल काढायचे तर सहावर तेवीस शून्यं अशा त्या आकड्याने भागायचं. मी गुणत असे. अण्णाने वही पाहिली. “गोदे, एवढं पाणी सगळ्या समुद्रांत मिळून नाही गं. आणि आपल्या कावेरीत यंदा नुसती वाळू.” मग तांदूळ मोजायची पडी माझ्यापुढे आपटली. “हा मोल. दाणे म्हणजे रेणू. दाण्यांवरून पड्या काढताना गुणतेस का, शहाणे? पाण्याचा मोल म्हणजे अठरा ग्रॅम. एक घोट.” मी पास झाले. काठावर.

यंदा त्याची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर पाणी बांधून दिलं. “पावणेअठ्ठावीस मोल,” अण्णा लगेच म्हणाला. औषधाच्या टोपणाने अठरा-अठरा मिली मीच पाजायची. आमच्याकडे धान्य मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तसंच मोजत होते... लाभ, दोन, तीन. तो गेला त्या दिवशी दुपारीच वाट्याचं पाणी संपलं.

“एक राहिलाय,” तो म्हणाला. “पहिला लाभ होता. तो धरायचा नसतो.”

“लबाडा, लाभ म्हणजेच एक.”

“जन्मभर गुणत आलीस, आजच बरा हिशेब जमला तुला!”

आम्ही दोघंही हसलो. मग त्याचं हसू गेलं. “गोदे... दे ना.”

मी ओला कापूस त्याच्या ओठांना लावला आणि कॉफीचं निमित्त करून पळाले. त्याच्याकडे बघवेना.

डॉक्टर म्हणाले, एका घोटाने काही फरक पडला नसता. म्हणजे दिला असता तरी चाललं असतं? हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता रोज सकाळी त्याच्या खोलीत खाटेजवळ तांब्या भरून ठेवते, काठोकाठ, न मोजता. संध्याकाळी पातळी केसभर उतरलेली असते. उष्म्याने उतरते, कळतं मला. बारावी पास आहे मी. तरी दारात उभी राहून विचारते, “प्यायलास का रे?”