सरांच्या आवाजातले तीन प्रश्न

आमचे सर समाजशास्त्राचे. साम्राज्य गेलं, सरकार बदललं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात नेमकं काय होतं, हा त्यांचा विषय. मी त्यांच्याकडे मुलाखती टाईप करायला. माझी शाळा हिंगोलीची. तिथल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करून झाल्या होत्या, चंदीगडला आल्यावर सरांचा नंबर लागला. सर नागपूरचे, पण हिंदी बोलताना आधी नाकातून श्वास घेणार, मग "देखिए, ऐसा है." एकदम सोपं गिऱ्हाईक.

चंदीगडजवळच्या पिंजौरला एक रिटायर्ड बाबूजी होते. वडील गोऱ्या साहेबाचे कारकून, हे आपल्या साहेबांचे. मुलाखतीत त्यांना तीन प्रश्न विचारायचे राहिले आणि नेमका सरांचा घसा बसला.

"तू विचार फोनवर," सर कुजबुजले.

मी घरून फोन केला. बाबूजी म्हणाले, "साहेबांना द्या."

मग काय, घेतला नाकातून श्वास. बाबूजी वीस मिनिटं बोलले. गोरा साहेब गेला, टेबलावरची घंटी राहिली. आणि ती कुणासाठी किती वेळा वाजवायची, हे नव्या साहेबाला बाबूजींच्या वडिलांनीच शिकवलं.

सर त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकत होते. घंटीपाशी त्यांचे डोळे चमकले. मग म्हणाले, "पण यार, हा मी नाही."

मी नक्कल केल्याचं कबूल केलं.

"फसवून काढलेलं पुस्तकात जात नाही. जा, त्यांना खरं सांग. ते नाही म्हणाले तर खोडायचं."

सबंध पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट माझ्या नाकामुळे जाणार होती. पिंजौरच्या बसमध्ये मी कुणाचीही नक्कल केली नाही.

बाबूजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या साहेबांनी कधी माझ्या गुडघ्याची चौकशी केलीय का? तू केलीस."

"मग सांगितलंत कसं?"

"चाळीस वर्षं साहेबांच्या वतीनं पत्रं मीच लिहिली, बेटा. म्हटलं, हा आपल्यातलाच दिसतो. छापा. पण प्रश्न कुणी विचारले, ते खरं लिहा."

परत आल्यावर सरांनी तळटिपेत स्वतःच्या हातानं लिहिलं: प्रश्न, साहाय्यकाने, माझ्या आवाजात. मग पेन ठेवून म्हणाले, "आता एकदा समोर करून दाखव."

मी केलं.

"मी इतका नाकात बोलतो?"

"देखिए," मी म्हटलं, "ऐसा है..."