मोहाच्या लाडवातलं लोह

गावात वच्छलाबाईला नावानं ओळखणारे थोडे. बाकी सगळ्यांसाठी ती गोळीवाली बाई. गोंडपिपरीपासून आत, जंगलाला खेटून असलेल्या त्या गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हापासून ती तिथली सेविका, आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा: रक्त वाढवा. लोहाची लाल गोळी ती बाईच्या हातात देत नसे, जिभेवर ठेवत असे, आणि गिळून होईपर्यंत समोरून हलत नसे. "आ कर. आता जीभ वर कर," असं म्हणून ठाणेदारासारखी झडती घ्यायची. दुर्गा नावाची एक पोर लग्न होऊन गावात आली आणि गोळी गालात धरून मागच्या दारी थुंकू लागली, तर बाई तिच्या मागे नहाणीपर्यंत गेली होती.

तिचा उपदेश साऱ्या गावाला पाठ होता. भाजी लोखंडी कढईत करा. जेवणावर चहा पिऊ नका, चहा गोळीचा सारा गुण खाऊन टाकतो. आणि गोळीनं संडासला काळी होते, त्याला भिऊ नका. हे शेवटचं ती इतक्या मोठ्यानं सांगायची की तिचा नवरा मुखरू ओसरीवर बसल्या बसल्या मान खाली घालून हसायचा.

मुखरू म्हणजे बायकोच्या अगदी उलट. ती दहा वाक्यं बोलेल तेव्हा हा एक हुंकार देणार. पावसाळ्यात धानाच्या बांध्या आणि हिवाळ्यात नाटकाची ढोलकी, एवढंच त्याचं जग. गुणवंतरावांच्या नाटक मंडळीत तो कित्येक वर्षं वाजवत होता. मंडळीत बाटली फिरायची, पण याच्यापुढून ती पुढे सरकायची. थोरला भाऊ चैतू पोटात पाणी होऊन गेला, "दारूनं नेला" असं गाव म्हणालं, आणि त्या दिवसापासून मुखरूनं मोहाच्या दारूला हात लावला नव्हता. गावात त्याच्या नावाला जी काही किंमत होती ती या एका गोष्टीची होती.

दुखणं सुरू झालं ते बोटांपासून. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं मुळाशी सुजली. थाप पडायची, पण तिच्यात जीव नसायचा. मग थकवा आला. मग अंगाचा रंग बदलला, ऊन न लागलेली जागाही काळपट झाली. गोंडपिपरीत औषधं झाली, तेल लावून झालं, शेवटी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर निशातनं दोघांना समोर बसवलं. ही मूळची राजुऱ्याची, वयानं त्यांची मुलगी शोभेल अशी.

"मुखरूकाका, तुमच्या शरीरात लोह फार साठलंय. हा जन्माचा दोष असतो. अन्नातलं जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकत नाही, साठवत जातं. बोटं त्यानंच दुखतात. लिव्हरला सूज आहे, पण वेळ गेलेली नाही. ठरावीक दिवसांनी तुमचं एक पिशवी रक्त काढायचं, म्हणजे नवं रक्त करायला शरीर साठ्यातलं लोह वापरेल आणि साठा उतरेल."

वच्छलाबाई चक्क हसली. "बाई, तुमचा रिपोर्ट चुकला असंल. या मुलखात लोह जास्त झालेला माणूस म्या आजवर पाह्यला नाई."

रिपोर्ट पुन्हा केला. तो चुकलेला नव्हता.

मग डॉक्टरनं पथ्य सांगितलं, आणि बाईला वाटलं, कोणीतरी आपलंच पुस्तक उलटं धरून वाचतंय. लोखंडी कढई बंद. लोहाची गोळी घरात सापडली तरी खायची नाही. जेवणावर चहा? खुशाल घ्या, उलट बरं. दारूचा थेंबही नको. रक्त काढायच्या आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं आणि येताना जेवून यायचं. नंतर थोडं पडून राहायचं, मीठ घातलेलं ताक प्यायचं, हळूच उठायचं, त्या हातावर दिवसभर वजन नको आणि गाडी चालवायची नाही. "तुमच्या भावंडांनाही तपासायला सांगा," ती म्हणाली. मुखरूनं चैतूचं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "त्यांनाही हेच असेल कदाचित. आता सांगता येत नाही." परतताना मुखरू एकच वाक्य बोलला. "गावानं फुकट बदनाम केला त्याले."

पहिल्या खेपेला घोटाळा झाला. डॉक्टरनं जेवून यायला सांगितलेलं बाईनं ऐकलं होतं, पण कानानंच. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी पोटी, हे तिच्या हाडात मुरलेलं. गावातल्या किती बायांना तिनं स्वतः कोरड्या तोंडानं तपासणीला नेलं होतं. तिनं मुखरूला सकाळी पाणीसुद्धा बेतानं दिलं. दवाखान्यात "जेवलात ना?" असं विचारलं तर "हो" म्हणून मोकळी झाली. पिशवी भरली, काळसर लाल, आणि बाईनं तोंड फिरवलं. बस स्टँडवर पोचल्यावर मुखरू भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्याच खाली घसरला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. लोकांनी पाणी मारलं, कोणी साखर तोंडात घातली, तो पाच-दहा मिनिटांत उठूनही बसला. पण बाईच्या डोळ्यांपुढून ते पांढरे ओठ जाईनात. उभ्या जन्मात ती ज्या एका गोष्टीला घाबरली ती हीच होती, माणसाचं पांढरं पडणं. बाळंतपणात पांढऱ्या पडलेल्या गावातल्या दोन पोरी तिनं गमावल्या होत्या. कागद काहीही म्हणो, समोरचा माणूस पांढरा पडलाय म्हणजे त्याला रक्त कमी, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं.

तिनं काय करावं? मोहाची फुलं भाजली, तीळ-गूळ घातला आणि लाडू वळले. लाडू वळण्याआधी खलबत्त्यात गोळ्या कुटल्या. अंगणवाडीच्या गोळीला हात लावला नाही हां, त्या बाबतीत बाई सोन्यासारखी; गोंडपिपरीच्या मेडिकलमधून विकत आणल्या. मोहाच्या वासात गोळीची चव कुठल्या कुठे जाते. रोज सकाळी एक लाडू. भाजीही पुन्हा कढईत शिजू लागली. इकडे रक्त काढलं जायचं, तिकडे बाई भरून द्यायची. विहिरीला मोट लावावी आणि वरून कोणी घागरी ओतत बसावं, तशातली गत.

मुखरू मुकाट्यानं लाडू खायचा. आता तो जेवून जायचा, पाणी पिऊन जायचा, चक्कर येत नव्हती. बाईला वाटलं, लाडवांचा गुण.

अशा बऱ्याच खेपा झाल्यावर एके दिवशी गुणवंतराव स्वतःच्या गाडीतून दोघांना घेऊन गेले. नाटकाचा हंगाम तोंडावर होता, ढोलकीवाला कधी उभा राहील हे त्यांनाही ऐकायचं होतं. डॉक्टरच्या खोलीत तेही दाराशी उभे राहिले. निशातनं नवा रिपोर्ट पाहिला, जुना पाहिला, आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, रागावू नका, पण विचारावं लागतं. इतक्या वेळा रक्त काढलं, तरी लोह जागचं हलत नाही. लिव्हरची सूज वाढलीय. असंच चाललं तर लिव्हर कायमचं खराब होईल, मग मीही काही करू शकणार नाही. दारू सुरू आहे का?"

वच्छलाबाईच्या तोंडून "नाई" निघणारच होतं. त्याआधी मुखरू बोलला.

"घेतो जी कधीमधी. मोहाची."

गुणवंतरावांनी मान हलवली. "गाडीत वास येऊन राह्यला होता सकाळी. म्या म्हटलं, भास असंल."

वास लाडवाचा होता. बाईनं तो ओळखला. बोलायला हवं होतं, आणि ती बोलली नाही. गावात उतरताना गुणवंतराव तेवढं म्हणाले, "यंदा ढोलकीले दुसरा पाहतो, मुखरू. तू आराम कर."

घरात शिरल्या शिरल्या बाईनं दार लोटलं.

"अजी, खोटं काऊन बोललात तुमी?"

"मंग काय सांगू? माही बायको लाडवात गोळ्या कुटते म्हणून? त्या पोरीसमोर? गुणवंतरावासमोर? गावभर झालं असतं, गोळीवाली बाई घरातच चुकली."

"तुमाले मालूम होतं?"

"सारी जिंदगी तुह्याच तोंडून ऐकून राह्यलो, गोळीनं संडासले काळी होते. मले नाई समजणार त कोणाले समजंल?"

"मंग खाल्ले काऊन?"

मुखरूनं सुजलेली बोटं चोळली. इतकं लांब बोलायची त्याला सवय नव्हती. "मी स्टँडवर पडलो तवापासून तू झोपत नव्हतीस. माह्या नाकापुढं हात धरून पाहायचीस, श्वास चालू हाय का नाई. लाडू खाल्ला त झोपायचीस. एका लाडवानं काय होते, म्हटलं."

वच्छलाबाई रडली. हमसून हमसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. आपण ज्याला जीव लावला त्यालाच आपल्या हातानं मारत होतो, आणि त्यानं ते ओळखून, वर दारूचा डागही स्वतःच्या कपाळी लावून घेतला होता. चैतूला लागला तोच डाग.

डॉक्टरला फोन करणं सोपं होतं. डॉक्टर चिडली, चिडायलाच हवं होतं, पण चिडून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आता उतरेल." अवघड होतं ते गाव. दोन दिवसांत बातमी घराघरात पोचली होती, मुखरू पिऊन राह्यला, भावाच्या वाटेनं चालला. खरं काय ते सांगायचं म्हणजे गोळीनं नवऱ्याचं वाटोळं होत होतं असं सांगावं लागणार, आणि गोळ्या थुंकायला बायांना निमित्तच हवं असतं. इतक्या वर्षांची मेहनत एका सकाळीत नहाणीतून वाहून गेली असती. नवऱ्याचं नाव की गावातल्या पोरींचं रक्त, या विचारात बाईनं आठवडा काढला. आठवडाभर मुखरू ओसरीवर बसला होता आणि ढोलकीला कापड गुंडाळलेलं होतं.

अंगणवाडीत महिन्याची माता बैठक होती. बाई कढई घेऊन गेली आणि ती मधोमध ठेवली. बायांना वाटलं, आज पालकाची भाजी दाखवणार.

"माहा नवरा दारू पेला नाई," ती म्हणाली. "तो खोटं बोलला, माह्यासाठी. त्याच्या अंगात लोह जास्त हाय. डॉक्टरनं बंद सांगतलं, अन् म्या चोरून चारलं, लाडवात गोळ्या कुटून."

मग म्हातारी सोमारी बोलली. ही बाईचं सहसा ऐकत नसे, आणि दारूची बातमी गावभर नेण्यात हिचा वाटा मोठा. "मंग आमच्या सुनायच्या गोळ्याबी फेकाच्या का?"

हाच प्रश्न. आठवडाभर बाई यालाच भीत होती.

"नाई फेकाच्या. त्याच्यात जास्त हाय, हे तपासून समजलं. तुमच्या सुनायच्यात कमी हाय, तेबी तपासूनच समजलं. म्या तपासलेलं मानलं नाई, डोळ्यानं पाहून ठरवलं. गोळी चुकली नाई, मी चुकली. तुमाले पटत नसंल त दुसऱ्यानं तपासून घ्या. पण माह्या नवऱ्याले दारूडा म्हणू नका."

बायांत कुजबुज झाली. एक उठली आणि गोळी न घेताच निघून गेली. बाईनं तिला अडवलं नाही. मग दुर्गा पुढे आली. सातवा महिना लागला होता, कमरेला हात देऊन ती हळूच बसली आणि तळहात पुढे केला.

"द्या बाई. पण आज जीभ नका पाहू."

बाईनं गोळी तळहातावर ठेवली आणि तोंड दुसरीकडे केलं. कढई तिनं दुर्गाच्याच घरी पाठवून दिली.

सोमारीनं ही बातमीही गावभर नेली, आणि पहिलीपेक्षा जोरात नेली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. गुणवंतराव एकदा ओसरीवर येऊन नुसतेच बसले, चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "बोटं सुधरली की सांगजो." दुसरा ढोलकीवाला त्यांनी ठरवला नव्हता.

पुढच्या खेपेला दोघं एसटीनंच गेले. आदल्या दिवशी मुखरू तांब्यावर तांब्या पाणी प्याला. सकाळी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या गंजात शिजलेली फिकी भाजी आणि भात पोटभर खाल्ला, आणि बाईनं स्वतःच्या हातानं जेवणावर चहा दिला. देताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. रक्त काढताना तिनं या खेपेला तोंड फिरवलं नाही. पिशवी भरेपर्यंत पाहत राहिली आणि मोकळा हात धरून बसली. मग तो पडून राहिला, बाटलीतलं खारं ताक प्याला, पाय खाली सोडून जरा बसला आणि उठला. निशातनं सांगितलं, लोह उतरायला लागलंय. थोडंच, पण उतरतंय.

परतीच्या गाडीत खिडकीशी मुखरू, त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताच्या बाजूला वच्छलाबाई. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच ती काही बोलत नव्हती. जंगल लागलं, वळणं सुरू झाली, आणि तिचं डोकं हळूहळू कलत त्याच हातावर आलं. त्या हातावर वजन नको असं डॉक्टरनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मुखरूनं हात काढला नाही. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं पैसे पुढे केले.

"हळू बोला जी," तो म्हणाला. "झोपली हाय."